मूठ कुणाची?

हुसेन, तू गेल्याची बातमी आमच्या वर्तमानपत्रात आली नाही. द्यायची की नाही हे माझ्या हातात होतं आणि मी दिली नाही. पौडच्या बाजारपेठेतल्या एका कुलूपवाल्यासाठी पुण्याच्या पत्रात जागा नसते, हे एक कारण. दुसरं असं की बातमीच्या शेवटी मागे कोण, कुणाचं काय नातं, हे लिहावं लागतं. तुझ्या-माझ्या नात्याला शब्द सापडेना. भाऊ म्हणता येत नाही. मित्र म्हणणं खोटं ठरलं असतं. मित्राचा इतका हेवा माणूस करत नाही.

तेव्हा तुझा आजार, तुझं वय, तुला पोचवायला किती गाव लोटलं, यातलं इथे काही लिहीत नाही. हेवा मात्र लिहितो. तू असताना तो मला रोजच्या कामासारखा झाला होता. तू गेल्यावर तो थांबेल असं वाटलं होतं. थांबलेला नाही.

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. मुळशीच्या खोऱ्यात माझे वडील, आप्पा, कुलपं करायचे. जातीने लोहार, पण नांगरांचे फाळ आणि गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा भावकीवर सोडून ते दारांच्या कड्या, पेट्यांची कुलपं आणि कोठारांच्या किल्ल्या यांतच रमले. मी त्यांचा एकुलता मुलगा. तू पौडमधल्या एका बांगडीवाल्याचा मुलगा. तुझे वडील गेले आणि तुझ्या आईने तुला आप्पांच्या ओसरीवर आणून बसवलं.

'काय येतंय?' आप्पांनी विचारलं.

'काय न्हाई,' तू म्हणालास.

'झ्याक. उलटं शिकलेलं काढायला लई येळ जातोय.'

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. मला पाहिलंसं वाटलं. पुरावा नाही.

सुरुवातीला आई तुला ओसरीवर वेगळ्या थाळीत वाढायची. पुढे तू चुलीपाशी बसून जेवू लागलास. ते कधी झालं हे कुणी ठरवलं नाही आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्या राहिलं, कारण चुलीजवळची ती जागा माझी होती. तू आधी त्यांना उस्ताद म्हणायचास. मग आप्पा म्हणू लागलास.

आप्पा हत्यारं एकदम देत नसत. आधी चिमटा दिला आणि तू कितीतरी दिवस नुसत्या किल्ल्या तापवून उलट्यापालट्या केल्यास. मग हातोडी, मग छिन्नी. मग भोक पाडायचा सामता, ज्याची दोरी ओढता ओढता तू गाणी म्हणायचास आणि आप्पा तुला गप्प बसवत नसत. मग किल्ली घट्ट धरून ठेवायचा हातशेगडा. कानस सगळ्यांत शेवटी. आप्पांच्या मते बाकीची हत्यारं चुकली तर लोखंड परत तापवता येतं. कानशीने जास्त घासलं ते गेलंच.

त्या कानशीपाशी आपली सगळी गोष्ट आहे.

कानस बाजारातून येते तेव्हा तिला मूठ नसते. मागे नुसतं टोकदार शेपूट असतं आणि ते तसंच धरून जोर लावला तर तळव्यात घुसतं. आप्पांच्या उस्तादापासून चालत आलेला नेम होता: नव्या माणसाच्या कानशीला उस्तादाने मूठ करायची नाही आणि बाजारातूनही घ्यायची नाही. त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाने, घरच्या लाकडाची, आपल्या हाताने करून द्यायची. कारण साधं आहे. कुलूपवाल्याला कुणाचंही दार उघडता येतं. ते तो वाईट कामासाठी उघडणार नाही, याला कुणीतरी जामीन राहावं लागतं. मूठ ही ती जामिनकी. खोऱ्यात नवा कुलूपवाला दारात आला की घरधनी आधी विचारायचा, 'मूठ कुनाची?' नाव ऐकायचा आणि मग आत घ्यायचा.

'आप्पा, आमच्या घरात मोठं कोन न्हाई,' तू म्हणालास. 'आई हाय. पर तिला कोयता धरवत न्हाई.'

आप्पा उठले आणि दारामागचा अडसर काढून आणला. कुलूपवाल्याच्या आमच्या घराला कुलूप नव्हतं. खैराचा एक आडवा दांडा होता, तो दिवेलागणीला दारामागे सरकवला की झालं. त्या अडसराचं टोक त्यांनी करवतीने कापलं.

'आवं, आता दार कशानं लावायचं?' आई ओरडली.

'त्यानंच. जरा ढिलं लागंल.'

त्या तुकड्याची त्यांनी तुला मूठ करून दिली. तू ती हातात घेतलीस, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलीस आणि हसलास. मी दारात उभा होतो.

अडसर लावायचं काम माझं होतं. त्या दिवसापासून तो एका बाजूला सैल बसायचा आणि वारा आला की खडखडायचा. घरातल्या कुणाला त्या आवाजाचं काही वाटत नसे. मला रोज वाटायचं.

माझ्या कानशीला आप्पांनी मूठ केली नाही. 'तुज्या हाताला घाई हाय, दत्तू,' ते म्हणायचे. 'हात बसू दे. मग करू.' हात बसायची वाट न बघता मी पुण्याला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. तिथून मुद्रितं तपासायला आणि पुढे बातम्या लिहायला. पहिल्यांदा घरी आलो तेव्हाचं आपल्या तिघांचं बोलणं तुला आठवत असेल.

'खिळे जुळवतोस म्हनं,' आप्पा म्हणाले.

'हो.'

'कशाचे रं?'

'शिशाचे.'

'मग चांगलंय,' तू भट्टीपाशी बसल्या बसल्या म्हणालास. 'ठोकायची भानगडच न्हाई.'

आप्पा मोठ्याने हसले. माझ्या नोकरीवरून ते त्या एकदाच हसले, आणि तेही तुझ्या बोलण्याला.

पुढे त्यांची नजर कमी झाली. मी सणाला आलो की दारातली सावली बघून ते म्हणायचे, 'हुसेन का?' मी नाव सांगायचो. मग म्हणायचे, 'दत्तू व्हय! ये, ये.' त्या बोलण्यात माया नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. पण आधी तुझं नाव यायचं.

आप्पा गेले, मागून आई गेली, आणि काही वर्षांनी धरण आलं. धरणाबद्दल मला जे लिहायचं होतं ते पत्रात लिहून झालं आहे. इथे एवढंच की बुडणाऱ्या घरांत आमचं घर होतं. लोक घरं मोडून वासे आणि चौकटी गाड्यांवर चढवत होते, तेव्हा मी पत्राच्या कामासाठी खोऱ्यात होतो. दुसऱ्यांची घरं पाहून लिहून घेत होतो. आमच्या घरापर्यंत उतरलो नाही. तिथे लिहून घेण्यासारखं काही नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तू मात्र घरोघर फिरत होतास. दारांची कुलपं आणि कोयंडे काढून द्यायचास, म्हणजे ते दुसऱ्या गावच्या दारांना लागतील. एका धनगर बाईने घर रिकामं केलं होतं आणि दाराला कुलूप घातलं होतं.

'मावशी, कुलूप काढून देतो. नव्या घराला लागंल,' तू म्हणालास.

'नगं. लावलेलं ऱ्हाऊ दे.'

'पानी काय कुलूप बघून माघारी जानाराय व्हय?'

'न जाऊ दे. घर उगडं टाकून गेली न्हाई, एवढं तर कळंल त्याला.'

तू हसला नाहीस. कुलूप एकदा ओढून बघितलंस. नीट लागलं होतं. पुढच्या घराकडे गेलास. हा प्रसंग मी जसाच्या तसा लिहिला आणि तो पुष्कळांना आवडला. त्यात तुझा उल्लेख 'एक कारागीर' असा होता. तो शब्द मी विचार करून निवडला होता.

त्यानंतर तू पौडच्या बाजारात दुकान थाटलंस आणि पुण्याला माल न्यायला आलास की आमच्या कचेरीत डोकवायचास. शिसपेन्सिलींचे तुकडे मागायचास. 'तुमास्नी धरवत न्हाईत असले बारके दे.' सुरुवातीला मला वाटलं की तू माझी थट्टा करतोस. पुढे कळलं. तू त्यांचं शिसं कुटून भुकटी करायचास आणि अडलेल्या कुलपात फुंकायचास. 'त्याल धूळ धरतंय. खोबरेल तर थंडीत थिजतंय. ह्यानं कसं, कुलूप गप चालतंय.' ताम्हिणीकडच्या पावसात मोडलेल्या छत्र्याही तू गोळा करायचास आणि त्यांच्या काड्यांचे आकडे करायचास; किल्ली हरवलेल्या पेटीत असला आकडा घालून चाचपायचं. तुझ्या चामड्याच्या वळकटीत आप्पांचा चिमटा होता, आप्पांची हातोडी होती, आप्पांच्या हातची मूठ होती. माझ्याकडचं म्हणशील तर पेन्सिलींची भुकटी.

माधवने तुला नीट पाहिलं ते आमच्या कचेरीतच. माझा मुलगा. मॅट्रिकला दोनदा बसला होता आणि मी त्याला मुद्रितं तपासायला घेतलं होतं. त्या आठवड्यात कागदपत्रांच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली. ती माझ्याकडे असायची. तू पुण्यातच होतास म्हणून तुला बोलावलं.

'लोहाराच्या पोटचा, आन् किल्ली हरवतोय,' तू सगळ्यांदेखत म्हणालास. कचेरी हसली. मीही हसलो.

तू एक कोरी किल्ली दिव्याच्या ज्योतीवर धरलीस. काजळीने ती काळी झाली. कुलपात घालून हलकेच फिरवलीस आणि बाहेर काढलीस. जिथे आत काही अडलं होतं तिथे काजळी पुसली गेली होती. तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची.

'बघ,' तू माधवला म्हणालास. 'कपाट फोडायचं न्हाई. त्याला इचारायचं, कुटं लागतंय रं? ते दावतंय.'

माधव वाकून बघत होता. मी त्याच्यापुढे टाकलेल्या एकाही मुद्रितावर तो असा वाकला नव्हता. कपाट उघडलं तेव्हा सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मी माधवकडे पाहिलं, आणि पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं.

दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, 'बाबा, मी पौडला जातो. हुसेनकाकांकडे शिकतो.'

मी म्हणालो, 'जा.' एवढंच म्हणालो. त्याची आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिला वाटलं, मी त्याला अडवलं नाही. कसं अडवणार? आप्पांना मी अडवू शकलो होतो?

तुला दोन मुली, दोघी सासरी. मुलगा नाही. हे मी तेव्हा मनातल्या मनात बोललो ते असं: याला मुलगा नव्हता, म्हणून याने माझा घेतला, याला बाप नव्हता, तेव्हा माझाच घेतला होता. वाक्य चांगलं जमलं होतं. मी ते कुठे छापलं नाही.

माधव सुट्टीला यायचा तेव्हा त्याच्या बोलण्यात 'हितं' आणि 'लई' येऊ लागलं. कुलूप हातात घेतलं की तो मान डावीकडे वाकवून कान लावायचा. ती लकब आप्पांची होती. त्याने आप्पांना पाहिलेलंच नव्हतं. ती त्याच्याकडे तुझ्याकडून आली होती. माझ्या घरातली वस्तू, माझ्याच घरात, तुझ्या हातून आली. त्याला काय शिकलास म्हणून विचारलं तर सांगायचा, काका एकदम काही देत नाहीत. आधी चिमटा दिला. आता छिन्नी दिली.

'आणि कानस?' मी विचारलं.

'दिली. मूठ नाही अजून.'

मूठ नव्हती, म्हणजे माधव दुकानातलाच राहिला. तू कुणाच्या घरी गेलास तर तो बरोबर येऊ शकत नव्हता. गिऱ्हाईकाने 'मूठ कुनाची' विचारलं तर सांगायला नाव नव्हतं. ती करून द्यायचं काम माझं होतं, हे मला माहीत होतं. मी दिली नाही. मूठ मिळाली नाही तर कंटाळून परत येईल, असा माझा अंदाज होता. शिवाय तू आज ना उद्या ती करून देशील आणि तोही तुझा होईल, असा दुसरा अंदाजही होता. दोन्ही अंदाज मी एकाच वेळी बाळगून होतो.

मग मी पौडला आलो. सर्व्हिस मोटारीत बसून भूगाव गेलं, कासार आंबोली गेली, आणि सगळ्या वाटेत तुला काय म्हणायचं ते मी जुळवत होतो. दुकानात पाय ठेवला तर माधवच्या तळव्याला फडकं बांधलेलं. कानशीच्या शेपटालाही चिंध्या गुंडाळलेल्या, आणि त्या लाल झालेल्या.

'हे काय?'

'काही नाही बाबा. घसरली.'

मी तुझ्याकडे वळलो. 'इतकी वर्षं काम करतोस. पोराला एक मूठ करून देता येत नाही?'

'येती की.'

'मग?'

'मी कशापायी करू? त्याला बाप न्हाई व्हय?'

'मला नेम शिकवू नकोस, हुसेन. आप्पांनी तुला करून दिली, तेव्हा कुठे गेला होता नेम?'

'मला बाप नव्हता, दत्तू.'

 उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मी म्हणालो, 'घरचं लाकूड लागतं ना? माझं घर पाण्यात आहे. कुठून आणू? बुडी मारू?'

तू उठलास. मग म्हणालास, 'बस. च्या सांगतो.' आणि पाठ फिरवून आतल्या शिडीने माळ्यावर चढू लागलास.

समोरचा बोलत असताना तू कधी पाठ फिरवायचा नाहीस. मी त्याचा अर्थ लावला: बोलणं संपलं, आता यांनी निघावं. माधव म्हणाला, 'बाबा, काका येतायत, बसा ना.' मी म्हणालो, मोटार सुटेल. मोटार सुटायला अवकाश होता.

ती आपली शेवटची भेट. इतकी वर्षं आपण भांडलो, पण अर्धवट सोडलेलं भांडण हे एकच. पुढच्या वेळी तू काय म्हणशील आणि मी काय म्हणेन, हे मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं माझं सगळं शिल्लक आहे.

निरोप मोटारीच्या ड्रायव्हरने आणला. मी पोचलो तोवर तुझं सगळं होऊन गेलं होतं. जैनबवहिनी आतल्या खोलीत होत्या, दाराला पडदा. मी दुकानात तुझ्या जागेवर बसलो नाही, गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसलो. माधव बाजूला उभा होता. दुकान बंद होणार की राहणार, हे दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं. तू असताना तुझ्या मुठीवर दुकान चालत होतं. आता माधवला कुणी दारात घेणार नव्हतं.

वहिनी पडद्याआडून बोलल्या. 'भाऊजी, त्या दिशी तुमी च्या न पिता गेलात.'

'मोटार होती,' मी म्हणालो.

'ते माळ्यावर हुते. खाली आले, तर तुमी न्हाई. हातात लाकूड. मला म्हनाले, ह्याला जायची लई घाई. आप्पाबी हेच म्हनायचे, म्हनाले.'

'कसलं लाकूड?'

माधव शिडीने वर गेला आणि एका जुन्या पोत्यात गुंडाळलेला दांडा घेऊन आला. ओळखायला मला वेळ लागला नाही. एक टोक घासून घासून गोल झालं होतं. ते मी रोज धरायचो. दुसरं टोक करवतीने सरळ कापलेलं होतं.

आमच्या घराचा अडसर. मी डोंगरावर उभा राहून दुसऱ्यांची घरं लिहून घेत होतो, तेव्हा तू खाली उतरून आमच्या दारामागून तो काढला होतास. कुणाला बोलला नाहीस. माधव तेव्हा शाळेत होता. तो कुलूपवाला होणार हे तुला माहीत असणं शक्य नाही. म्हणजे तो तू माझ्यासाठीच ठेवला असणार, किंवा आप्पांसाठी, किंवा तुझ्या स्वतःसाठी. यातलं कुठलं खरं, हे तुला विचारायचं राहिलं. पहिलं खरं असावं असं मला वाटतं. तिसरं खरं असण्याची शक्यता जास्त आहे.

माधवने वळकटी उलगडली. चिमटा, हातोडी, छिन्नी, सामता. छत्रीच्या काड्यांचे आकडे एका दोऱ्यात ओवलेले. काजळीसाठी पितळी दिवा. भुकटीची डबी, झाकण उघडलं तर निम्मी भरलेली. आणि तुझी कानस, आप्पांच्या मुठीसकट.

ती मी पहिल्यांदाच हातात घेतली. खैर काळा पडला होता. अंगठ्याच्या जागी खोल खळगा होता. आप्पांनी तो केलेला नव्हता, तू वापरून पाडलास. मी माझा अंगठा त्यात ठेवून बघितला. बसला नाही.

'ही मी ठेवली तर?' मी विचारलं.

 वहिनी म्हणाल्या, 'ती ठेवायची न्हाई, भाऊजी. मानूस गेला की जामीन संपला. मूठ भट्टीत द्यायची. तुमच्याच आप्पांचा नेम हाय. जामिनाच्या घरचं कोन तर हवं, म्हनून तुमची वाट बघितली.'

तर आप्पांच्या हातची ती वस्तू अखेर माझ्या हातात आली, ती भट्टीपर्यंत नेण्यापुरती. मी कानस ठोकून मूठ मोकळी केली आणि निखाऱ्यांत टाकली. इतक्या वर्षांच्या घामाने ती आधी नुसती धुमसली. मग जळली. तुझ्यासाठी जे काय रडायचं होतं ते मी तिथे रडलो. धूर होता, त्यामुळे माधवने काही विचारलं नाही.

मग मी करवत मागितली.

खैर कठीण असतो आणि माझा हात कधी बसलेला नव्हता. लाकूड तासायची पटाशी दोनदा घसरली. मी काचेच्या तुकड्याने घासत राहिलो. तो मध्ये मध्ये म्हणत होता, 'बाबा, मी करू का थोडं?' मी म्हणालो, 'तुला चालत नाही.' दुपार कलली तेव्हा मूठ झाली. एका बाजूला जरा फुगीर होती. माधवने भट्टीत कानशीचं शेपूट लाल केलं, मी मूठ धरली आणि त्याने ते लाकडात उतरवलं. आमच्या घराचा वास सुटला, ओल्या दिवसात दार बंद केलं की यायचा तो. तो वास आता माझ्याखेरीज कुणाच्या ओळखीचा नाही. तू असतास तर दोघांच्या असता.

माधवने एका कोऱ्या किल्लीवर कानस चालवून बघितली.

'कशी आहे?'

'चांगली आहे,' तो म्हणाला. पुन्हा चालवली. 'काकांची जरा बारीक होती.'

 तो पुन्हा घासू लागला आणि घासता घासता त्याने मान डावीकडे वाकवली.

संध्याकाळी कासार आंबोलीचा एक शेतकरी आला. त्याच्या कोठाराचं कुलूप अडलं होतं, आत भात होतं. हुसेनभाई आहेत का, म्हणाला. ते गेले म्हटल्यावर त्याने टोपी काढली. मग त्याने माधवकडे पाहिलं, हातातल्या कानशीकडे पाहिलं.

'मूठ कुनाची?'

माधवने माझ्याकडे न बघता सांगितलं, 'बापाची.'

शेतकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. 'चल मग.'

माधवने वळकटी काखेत मारली. पायरी उतरला आणि वळून त्या माणसाला म्हणाला, 'आन् लाकूड हुसेनकाकांनी राखलेलं हाय.'

हुसेन, तो पहिल्या शब्दावर थांबला असता तर मला बरं वाटलं असतं. थांबला नाही. तुझ्याकडे शिकलेला आहे.